बारा मिक्सर, एक सीट

आमच्या ह्यांना फुकट मिळालेल्या वस्तूचं भारी अप्रूप. पतपेढीची कॅलेंडरं, ऑइलवाल्यानं दिलेली भिंतीवरची घड्याळं, पत्र्याच्या व्यापाऱ्याच्या टोप्या, सगळं थेरगावच्या आमच्या फ्लॅटमध्ये येतं आणि आठवड्याच्या आत दुसऱ्या कुणाच्या तरी घरी जातं. फुकटचं स्वतःजवळ ठेवू नये, असं त्यांचं ठाम मत आहे. एरवी मी या मताला हसते. गेल्या दसऱ्याला मात्र हसायची सोय राहिली नाही.

हे म्हणजे ज्योतीराम. भूमकडून आले ते पिंपरीत प्रेस ऑपरेटर म्हणून लागले, आणि आता चाकणला आमचा स्वतःचा शेड आहे. तीन प्रेस, बारा कामगार. गाडीच्या सीटखाली लोखंडी पट्ट्या असतात, त्या आम्ही वाकवून देतो. मशीन ते बघतात, कागद मी बघते. बिलं, बँक, जीएसटी, सगळं सुमनताईकडे, म्हणजे माझ्याकडे, आणि काही चुकलं की तेही सुमनताईकडे.

आम्हाला एकच लेक, करिष्मा. ती आणि आमचे जावई निरंजन जर्मनीत श्टुटगार्टला असतात. गेल्या उन्हाळ्यात तिचा फोन आला की तिला दिवस गेलेत आणि डिसेंबरच्या सुरुवातीची तारीख आहे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आमची रीत. पण तिची नोकरी तिकडे, डॉक्टर तिकडे, विमा तिकडे. ती येऊ शकत नव्हती. मग माहेरच तिच्याकडे न्यायचं, असं मी त्याच दिवशी मनाशी ठरवलं. ज्या दिवशी तिला कळा येतील त्या दिवशी मी तिच्या उशाशी असणार, बाकी जगात काय व्हायचं ते होवो.

करिष्मा म्हणाली, "आई, मी दोघांची तिकिटं काढून पाठवते." ह्यांनी माझ्या हातातून फोनच घेतला.

"लेकीच्या पैशानं इमानात बसायचं आमच्यात न्हाई."

"अहो बाबा, पण..."

"न्हाई म्हटलं ना. लेकीला मूल होईस्तोवर बाप तिच्या घरचं पाणीसुदिक पीत न्हाई. आन् तू तिकिटाचं काय सांगायलीस."

हे त्यांनी नुसतं बोलायचं म्हणून म्हटलेलं नव्हतं. करिष्माचं लग्न झाल्यावर दोघं वाकडला राहत होती, तेव्हा आम्ही भर मे महिन्यात तिच्याकडे गेलो. हे दोन तास पंख्याखाली बसले, घसा कोरडा पडून खोकायला लागले, पण पाण्याला हात लावला नाही. खाली उतरले आणि कोपऱ्यावरच्या गाड्यावर उसाचा रस लागोपाठ तीन ग्लास प्यायले. करिष्मा वरून गॅलरीतून बघत होती. तिला रडू आलं होतं, हे तिनं मला नंतर सांगितलं. मी ह्यांना सांगितलं नाही. सांगून काही उपयोग झाला असता असं वाटत नाही.

तर लेकीचे पैसे नकोत, आणि शेडमध्ये दोन विमान तिकिटांइतके पैसे कधी एका जागी टिकत नाहीत. पण माझ्याकडे एक गोष्ट होती, आणि ती मी तीन वर्षं गपचूप जमवत आले होते.

ती विद्या मला नदीमनं शिकवली. पिंपरीतल्या चांदभाईंकडून आम्ही पत्रा घेतो, नदीम त्यांचा मुलगा. चांदभाई जुन्या पठडीतले. "ज्योतीरामशेठ, रोकडा द्या, भाव कमी लावतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नदीमचं उलटं. त्यानं दुकानात कार्डाचं मशीन बसवलं आणि आपल्या आईला, कमरुन्निसाभाभींना, कार्डाच्या पॉइंटांवर मक्केला, उमऱ्याच्या यात्रेला पाठवलं. भाभी परत आल्यावर खजूर घेऊन आमच्याकडे आल्या, तेव्हा मी नदीमला धरलं.

"सोपं आहे काकू," तो म्हणाला. "जो खर्च तुम्ही तसाही करणार, तो कार्डावर करायचा. पत्रा, डिझेल, लाइट बिल, किराणा. बँक त्यावर पॉइंट देते. पॉइंटांचे विमान कंपनीचे मैल होतात, मैलांची सीट होते. फक्त एक. महिन्याचं बिल पूर्ण भरायचं. एक रुपया मागे ठेवलात तर व्याज तुम्हाला खाऊन टाकेल."

बिल मी कधीच मागे ठेवलं नाही. उलट कार्ड वापरायचा मला नादच लागला. भाचीच्या लग्नाचा बस्ता होता, मी म्हटलं, पैसे माझ्या खात्यात टाका, कार्ड मी देते. शेजारणीचा फ्रिज, नणंदेची शिलाई मशीन, भिशीतल्या बायकांचं दिवाळीचं सामान, सगळीकडे मी पर्स घेऊन हजर. सोसायटीत मला कार्डवाली सुमनताई म्हणायला लागले. डांगे चौकातल्या भाजीवालीलाही मी एकदा विचारून बघितलं होतं, पण तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्यानं सुटे काढून दिले.

कार्ड अर्थातच ह्यांच्या नावावर, आणि बँकेचे मेसेज ह्यांच्या फोनवर. पण त्यांनी ते कधी वाचले नाहीत, म्हणून मी निर्धास्त होते. करिष्माची बातमी आली तेव्हा दोघांच्या तिकिटांपुरते पॉइंट जवळजवळ झालेच होते. गणपतीनंतर आम्ही व्हिसाचे कागद दिले. व्हिसा हातात आला की पॉइंट विमान कंपनीकडे वळवायचे आणि सीट घ्यायच्या, असं नदीमनं सांगून ठेवलं होतं, कारण एकदा वळवलेले पॉइंट परत येत नाहीत.

मध्ये खंडेनवमी आली. आमच्या शेडमध्ये त्या दिवशी मशीन बंद. प्रेस धुवून पुसून, झेंडूच्या माळा घालून, हळदकुंकू लावून पूजा करायची, नारळ फोडायचा, आणि कामगारांना घरच्यांसकट जेवायला बोलवायचं. मिठाईबरोबर हातात काहीतरी भेट द्यायची, ही ह्यांनी घातलेली प्रथा. या खेपेला मोठ्या कंपनीचं पेमेंट अडकलं होतं. म्हणून नुसतीच मिठाई देऊ, असं मी म्हटलं होतं. आणि शेडमध्ये पोचते तर काय, भिंतीला लागून बारा खोकी. बारा मिक्सर. तीन भांड्यांचे, चांगल्या कंपनीचे.

"कुठून आणले?" मी विचारलं.

"जुळवलं," हे म्हणाले आणि लगेच नारळाकडे वळले.

मला वाटलं कुठलं तरी जुनं येणं वसूल झालं असेल. माझा ऊर अभिमानानं भरून आला, खोटं कशाला सांगू. एकेका कामगाराच्या बायकोला बोलावून, कुंकू लावून मिक्सर मीच हातात दिला. सुपरवायझर सुजितची बायको दिव्या तर मिक्सर मांडीवर घेऊनच जेवायला बसली. "ताई, मी आजवर शेंगदाणे खलबत्त्यातच कुटते," ती म्हणाली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. घरी येताना ह्यांना म्हटलं, तुमचं मन मोठं आहे. त्यांनी उगाचच हॉर्न वाजवला.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात व्हिसा आले. मी पेढे घेऊन नदीमच्या दुकानात गेले आणि कार्डाचं खातं त्याच्यापुढे उघडलं. त्यानं आकडा दोनदा मोजून बघितला.

"काकू, पॉइंट कमी आहेत."

"किती कमी?"

"जवळजवळ अर्धे गेलेत." त्यानं बोटानं खाली सरकवलं. "भेटवस्तूंच्या यादीतून घेतलंय कुणीतरी. मिक्सर ग्राइंडर. बारा."

मी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि खुर्चीवर बसले. चांदभाईंनी नोकराला पाणी आणायला सांगितलं. ते मी प्यायले की नाही, आठवत नाही. मी माझ्या हातानं, कुंकू लावून, करिष्माचं बाळंतपण वाटून टाकलं होतं.

घरी आल्यावर मी ह्यांच्यापुढे फोन धरला. त्यांनी काही लपवलं नाही.

"मेसेज आलता. पॉइंटाची मुदत संपायली, वापरा म्हणून. त्या यादीत मिक्सर दिसले. पोरं वर्षभर राबायलेत, त्यांला रिकाम्या हातानं कसं धाडू?"

"तिकिटांसाठी जमवले होते मी ते. मुदत त्यातल्या थोड्याशांचीच संपत होती. एका शब्दानं विचारायचं होतंत."

"आगं, पॉइंट म्हणजे पैसे असतात व्हय? हवेतलं हाय ते. हवेतनं आलं, पोरांच्या घरी गेलं."

मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. डबा भरून द्यायचे, पण तोंड उघडायचं नाही. राग मिक्सरचा नव्हता. बारा घरांतल्या बायकांना मी डोळ्यांनी बघितलं होतं, त्यांच्याकडून मिक्सर परत घ्यावा असं माझ्या मनातही आलं नाही. राग याचा होता, की तीन वर्षं मी जे करत होते ते ह्यांच्या लेखी हवा होती.

उरलेल्या पॉइंटांत नदीमनं शोधाशोध सुरू केली. पॉइंटांवरच्या सीट विमान कंपन्या मोजक्याच ठेवतात, आज दिसली ती उद्या नसते. तो दुकानात पत्रा मोजता मोजता दिवसातून चारदा फोन बघायचा. शेवटी एकदा त्याचा फोन आला. मुंबई ते फ्रँकफर्ट, नोव्हेंबरच्या मध्यावर, एक सीट. पुढं रेल्वेनं श्टुटगार्ट.

"एकच?"

"एकच काकू. पॉइंटही एकापुरतेच आहेत. घेऊ?"

"घे," मी म्हटलं.

ह्यांना मी तेवढंच सांगितलं, की माझं तिकीट झालंय. ते म्हणाले, "ब्येस झालं. तू जा. बाईचंच काम हाय ते." आणि दुसऱ्या दिवशी शेडमधून संध्याकाळी घरी आले ते कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. आत पाळण्याचे चार हूक होते. चांगल्या जाड पट्टीचे, कडा घासून गुळगुळीत केलेले, वर पांढरा रंग चढवलेला.

"तिथं छताला भोक पाडू देत्यात का न्हाई कोण जाणे," ते म्हणाले. "पर घिऊन जा."

मी हूक हातात घेतले आणि माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. हा माणूस लेकीला सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत सोडायचा. ती परदेशी गेली तेव्हा विमानतळाबाहेर गाडीत बसून राहिला, आत आलाच नाही. त्याला जायचं होतं. माझ्याइतकंच जायचं होतं, आणि त्यानं आपल्याच हातानं आपली सीट देऊन टाकली होती.

त्याच दिवसांत दिव्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन आली. मिक्सरमधली पहिली चटणी. कुटलेल्या चटणीची चव तिला नव्हती, पण मी तसं म्हटलं नाही. मी जर्मनीला जाणार म्हटल्यावर तिनं विचारलं, बाळंतिणीच्या लाडवांची खारीक कुठं दळायची. मी म्हटलं, बघू. ती उठून गेली आणि आठवड्यात बारा घरांतून पिशव्या आल्या. कुणी खारकेची पूड केली होती, कुणी खोबरं, कुणी मेथी. तुपाचं काय ते तिकडेच बघायचं होतं, लाडू तिथंच वळायचे होते. एवढ्या पिशव्या बघून मला एकदम भरून आलं. मी दिव्यासमोर डोळे पुसले आणि तिला सांगितलं की तुझ्या मिक्सरचा आवाज मला श्टुटगार्टपर्यंत ऐकू येणार आहे.

करिष्माशी मी रोज बोलत होते. मिक्सरचा सगळा प्रकार तिला सांगितला तेव्हा ती आधी चिडली, मग हसायला लागली.

"आई, बाबा नेमकं काय म्हणाले? शब्द न् शब्द सांग."

"म्हणाले, पॉइंट म्हणजे पैसे असतात व्हय. हवेतलं आहे ते."

"नक्की असंच म्हणाले?"

"नदीम नाही तर चांदभाईंना विचार, त्यांना मी दहादा सांगितलंय."

ती म्हणाली, ठेवते फोन. दोन दिवसांनी माझ्या फोनवर एक कागद आला. तिला कंपनीच्या कामासाठी सारखं विमानानं जावं लागतं, त्याचे मैल तिच्या नावावर साठलेले होते. नेहमी फिरणाऱ्यांना ज्या सीट दिसतात त्या आपल्याला दिसत नाहीत, असं नदीम नंतर म्हणाला. माझंच विमान, माझीच तारीख. नाव ज्योतीराम.

मी तो कागद शेडमधल्या प्रिंटरवर छापला आणि ह्यांच्यापुढे ठेवला. सुजित बाजूलाच मशीनला तेल देत होता.

"ह्ये काय हाय?"

"तिकीट. तुमचं."

त्यांनी चष्मा लावला, वाचलं, आणि चेहरा आवळला. "लेकीनं धाडलंय. परत कर."

"पैसे भरलेले नाहीत तिनं. वरचा कर तेवढा होता, तो मी आपल्या खात्यातून तिला पाठवला. बाकी पॉइंट आहेत."

"तिचेच ना? मग लेकीचंच झालं की."

"पॉइंट म्हणजे पैसे असतात होय?" मी म्हटलं. "हवेतलं आहे ते. हवेतनं आलं, बापाच्या घरी गेलं."

ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला. मग सुजितकडे बघितलं. सुजितनं मान खाली घालून तेल द्यायचं काम फार मन लावून चालवलं होतं.

"शेड कोण बघंल?" ह्यांनी विचारलं. आवाज जरा उतरला होता.

"साहेब, जावा तुम्ही," सुजित मान वर न करता म्हणाला. "आमचं आमी बघतो. नड वाटली तर व्हिडिओ कॉल करू."

ह्यांनी कागदाची घडी केली, खिशात घातली, परत काढली, कागद परत वाचला. "लई बेरकी हायसा दोघी," ते म्हणाले. आणि जाता जाता दारातून, "पर पाणी पिणार न्हाई मी तिच्या घरचं. मूल हुईस्तोवर न्हाई. ते पॉइंटात बसत न्हाई."

विमानात आमच्या सीट लांब लांब होत्या. विमान वर चढलं तेव्हा मी खिडकीतून खाली बघितलं आणि मला आमचा सगळा खर्च आठवला. चांदभाईंचा पत्रा, डिझेल, भाचीचा शालू, शेजारणीचा फ्रिज. त्या सगळ्यावर बसून मी लेकीकडे निघाले होते. मला माझा इतका अभिमान वाटला की शेजारच्या बाईला सांगावंसं वाटलं, पण तिला मराठी येत नव्हतं. नंतर उठून पाहिलं तर पंधरा रांगा मागं हे पाळण्यातल्या पोरासारखे झोपले होते.

श्टुटगार्टला करिष्मा दारात उभी होती, पोटावर हात ठेवून. मला मिठी मारली, ह्यांच्या पाया पडायला वाकता येईना म्हणून तशीच त्यांच्या छातीला बिलगली. ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग ती आत गेली आणि सवयीनं पाण्याचे दोन ग्लास घेऊन आली. मी माझा घेतला. ह्यांनी मान हलवली. तिनं दुसरा ग्लास परत नेला.

जेवणाचं मी निभावलं. पीठ, डाळ, तांदूळ मी घरूनच आणले होते, भाकरी मी थापत होते, त्यामुळे ते थेरगावचंच जेवण झालं असं ह्यांनी स्वतःला पटवलं. पाण्याचं मात्र ते रोज खाली दुकानात जाऊन स्वतःच्या पैशानं बाटली आणायचे. भाषा येत नव्हती, कुठली बाटली घ्यायची कळत नव्हतं, आणि तिकडे निम्म्या बाटल्यांत सोड्याचं पाणी असतं. हे ते घोट घोट पीत, ढेकर देत, डोळ्यांत पाणी आणत बसायचे. जावई म्हणाले, "बाबा, इथल्या नळाचं पाणी फार चांगलं आहे हो." हे म्हणाले, "आसंल की." मला ह्यांचा राग येत होता आणि हसूही येत होतं. करिष्मा मात्र पुन्हा वाकडच्या गॅलरीतून बघणारी करिष्मा झाली होती.

तारखेच्या चार दिवस आधी, सकाळी मी लाडू वळत असताना तिला कळा सुरू झाल्या. दवाखान्यात मी तिच्या उशाशी होते. तिनं माझा हात इतका घट्ट धरला की माझी बांगडी वाकली. दुपारी मुलगी झाली. काळ्याभोर जावळाची, रागीट चेहऱ्याची. रागीट कुणावर गेली ते जावयांनी तोंडानं सांगितलं नाही, पण माझ्याकडे बघून हसले.

तिसऱ्या दिवशी लेक आणि नात घरी आल्या. मी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. पाळण्याला छत मिळालं नव्हतं, म्हणून ह्यांनी जावयांना बरोबर घेऊन लाकडी फळ्यांची चौकट उभी केली होती आणि त्यावर ते चार हूक बसवले होते. करिष्मानं बाळाला पाळण्यात ठेवलं. ह्यांनी दोरी धरली, दोन झोके दिले, आणि दोरी माझ्या हातात देऊन ते सरळ उभे राहिले. टेबलावर त्यांची सोड्याची बाटली अर्धी भरलेली होती. तिच्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

"करिष्मा," ते म्हणाले, "पाणी दे गं मला. नळाचं."

करिष्मा जागची हलेना. मग एकदम वळली, ओट्याशी गेली, नळ सोडला. ग्लास भरून वाहिला तरी तिचं लक्ष नव्हतं. तिनं तो तसाच निथळता ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी एका दमात संपवला आणि रिकामा ग्लास पुन्हा तिच्यापुढे धरला.